सहीच नसलेली अमेरिकन लाँगरायफल कोणी बनवली हे कसं ओळखायचं: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

पेनसिल्व्हेनियात राहायला आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना इथल्या गावाकडच्या लिलावांचा नाद लागतो. आधी जुनी घड्याळं, मग लाकडी पेट्या, आणि मग एखाद्या दिवशी टेबलावर ती दिसते, माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी लांब ठासणीची बंदूक, पट्टेदार मेपलचं लाकूड, दस्त्यात बसवलेली पितळी डबी आणि गालाच्या मागे कोरलेली वेल. मी अशीच अडकले आणि आता सुटायची इच्छाही नाहीये. पण सुरुवातीला कोणी नीट सांगणारं नव्हतं. जो तो इथल्या एकेका भागाचं नाव फेकायचा, "हे तर लँकेस्टर", "हे लीहाय", आणि का ते कोणी सांगायचं नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अठराव्या शतकात जर्मन बोलणारे कारागीर पेनसिल्व्हेनियात आले, येताना त्यांनी मध्य युरोपातली येगर रायफल आणली, आखूड, जाड नळीची. इथे हळूहळू नळी लांब झाली, ४० इंचांच्या पुढे, आतलं भोक लहान झालं, त्यामुळे शिसं कमी लागायचं, आणि पूर्ण बंदूकच सडपातळ होत गेली. लोक तिला केंटकी रायफल म्हणतात पण बनली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात, आणि तिथून खाली मेरीलँड, व्हर्जिनिया, कॅरोलायना असं पसरत गेली. दुकानं छोटी असायची, एक उस्ताद आणि एक-दोन शिकाऊ मुलं, त्यामुळे प्रत्येक बंदुकीत कोणाचा तरी हात दिसतो. बऱ्याच बंदुकांवर नावच नाही. म्हणून हात वाचायला शिकायचं.

लागणारं सामान

- छोटा टॉर्च, ज्याचा प्रकाश बाजूने आडवा टाकता येईल
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- कापडी टेप आणि प्लास्टिकचा कॅलिपर (धातूचा नको, पितळावर ओरखडे येतात)
- चार-साडेचार फुटांची बारीक, सरळ लाकडी काठी
- नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांमधून बंदूक निसटते
- फोन, वही, पेन्सिल
- कागदपत्रं: विकणाऱ्याची पावती, आधीच्या लिलावाचं वर्णन असेल तर ते, घराण्यातली पत्रं किंवा फोटो, आणि बंदूक दुसऱ्याची असेल तर ती हाताळायची आणि उघडायची लेखी परवानगी

१. आधी भरलेली आहे का ते बघा

हे कंटाळवाणं वाटतं पण हीच पहिली पायरी, यात सूट नाही. दीडशे-दोनशे वर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत दारू आणि गोळी तशीच सापडते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होऊन निरुपद्रवी होत नाही. तोंड कोणाकडेही न रोखता काठी नळीत हळूच टेकेपर्यंत घाला, नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढून तीच लांबी नळीच्या बाहेरून लावून बघा. काठीचं टोक रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ठिणगी आत जाते त्या बारीक भोकापर्यंत, जवळजवळ पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, बंदूक खाली ठेवा आणि ठासणीच्या बंदुका हाताळणाऱ्या गनस्मिथकडे न्या, स्वतः उकरायला जाऊ नका. आणि रिकामी असली तरी घोडा ओढून "टक" करून बघायचं नाही, दोनशे वर्षांची स्प्रिंग किंवा घोड्याची मान तुटली की गेली.

२. नाव वाचायच्या आधी लांबून बघा

नवखा माणूस पहिल्यांदा नळीवर नाव शोधतो. तुम्ही तसं करू नका, कारण एकदा नाव वाचलं की डोळे त्या नावाला जुळेल तेवढंच बघायला लागतात. बंदूक फिकट चादरीवर आडवी ठेवा, सात-आठ फूट मागे जा आणि फक्त आकार बघा. इथले जाणकार याला आर्किटेक्चर म्हणतात.

बघायच्या रेघा मुख्यतः तीन. दस्त्याची वरची रेघ, म्हणजे कोंब, जिथे गाल टेकतो. दस्त्याची खालची रेघ, ट्रिगर गार्डपासून दस्त्याच्या खालच्या टोकापर्यंत, त्या टोकाला टो म्हणतात. आणि या दोन्हींच्या पुढे हाताची मूठ बसते तो बारीक भाग, रिस्ट. या रेघा सरळ आहेत की वाकलेल्या, कोंबची सुरुवात एकदम होते की रिस्टमधून हळूच वर येते, रिस्ट गोल आहे की अंडाकृती, हे वहीत काढून ठेवा, चित्र वाईट आलं तरी चालेल.

फोटो काढताना एक गोष्ट सांभाळा. फोन जवळ नेऊन काढलात तर कडांना सरळ रेघ वाकडी दिसते आणि सरळ कोंब असलेली बंदूक तुम्ही दुसऱ्याच प्रांताची ठरवाल. मागे जा, झूम करा, फोन दस्त्याच्या बरोबर उंचीवर धरा.

आकार सगळ्यात आधी का, तर कोरीवकाम नंतर कोणीही घालू शकतं, पितळी डबी बदलता येते, नाव तर अर्ध्या तासात खोदता येतं. पण लाकूड एकदा कापलं की परत वाढवता येत नाही. आकार हा कारागीर ज्याच्याकडे शिकला त्याच्याकडून हातात आलेला असतो, तो सहसा आयुष्यभर सुटत नाही.

३. काळ ठरवा

कोण हे विचारायच्या आधी कधी हे विचारा, निम्मी नावं तिथेच गळतात. सगळ्यात उपयोगी माप म्हणजे दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीची, बटप्लेटची, रुंदी, म्हणजे डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. ढोबळ हिशोब असा:

- साधारण २ इंच किंवा जास्त, आणि मागून जवळजवळ सपाट: अमेरिकन क्रांतीच्या आधीची किंवा त्याच सुमाराची, म्हणजे १७७० चं दशक आणि मागे
- पावणेदोन इंचाच्या आसपास, थोडी आत वळलेली: १८०० च्या अलीकडे-पलीकडे
- दीड इंच, आणि चंद्रकोरीसारखी खोल वळलेली: १८३० आणि पुढे

हा नियम नाहीये, अंदाज आहे, डोंगराळ भागात जुनी पद्धत जास्त टिकली. म्हणून इतर खुणा जोडा. जुन्या नळ्या बहुतेक करून मागे जाड, मधे बारीक आणि तोंडाशी परत किंचित रुंद असतात, कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा. पुढच्या काळात सरळसोट अष्टकोनी नळ्या जास्त. दस्त्यातल्या डबीला सरकतं लाकडी झाकण असेल तर ती सहसा जुन्या पद्धतीची, बिजागरीचं पितळी झाकण नंतर सगळीकडे आलं, पण दोन्ही बरीच वर्षं बरोबर चालले हे लक्षात ठेवा. उठावाचं कोरीवकाम क्रांतीच्या सुमारापासून १८१५-२० पर्यंत बहरलं, त्यानंतर कमी होत गेलं आणि लाकडात बसवलेले चांदीचे तुकडे वाढले. चकमकीच्या ठिणगीच्या जागी तांब्याच्या छोट्या स्फोटक टोपीवर चालणारं लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, १८२० नंतर हळूहळू येतं, पण ते बदललेलंही असू शकतं, त्यावर पुढे येते.

४. मग प्रांत, म्हणजे घराणं

आपल्याकडे गाण्यात जसं घराणं असतं ना, गुरूची तान शिष्याच्या गळ्यात ऐकू येते आणि तरी शिष्य वेगळा कळतो, अगदी तसंच इथे आहे. इंग्रजीत स्कूल म्हणतात, मी घराणंच म्हणते. शिकाऊ मुलगा साधारण २१ वर्षांचा होईपर्यंत उस्तादाकडे राहायचा, त्याचे नमुने, त्याच्या सवयी घ्यायचा, आणि मग दोन गावं सोडून स्वतःचं दुकान थाटायचा.

लँकेस्टर: वरची आणि खालची दोन्ही रेघा सरळ, दस्ता बाजूने बघितला तर लांबट त्रिकोण. पितळी डबीच्या पुढच्या टोकाला डेझीचं फूल, हे तर लँकेस्टरचं जवळजवळ बोधचिन्हच. इथला सगळ्यात माहितीतला माणूस जेकब डिकर्ट, १७४० मध्ये जर्मनीत जन्मला, १८२२ मध्ये वारला, म्हणजे त्याच्या दुकानाचा काळ किती लांब बघा. त्यामुळे "डिकर्टची आहे" एवढं बोलून भागत नाही, डिकर्टची कधीची हे सांगावं लागतं, आणि त्याच्या हाताखालच्या कोणाची का हेही.

लीहाय, म्हणजे ॲलनटाउनच्या आसपासचा पट्टा: मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो हा. कोंबला हलकासा फुगवटा, खालची रेघही वळलेली, सगळी बंदूक एकाच कमानीत ओढल्यासारखी. लॉकच्या भोवतीचं लाकूड मागे बाणाच्या टोकासारखं निमुळतं होतं. कोरीवकाम बरेचदा उठावाचं नसून रेघांनी खोदलेलं. आणि काही बंदुकांवर फोरस्टॉकच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, खालच्या अंगाला एक छोटं डोकं कोरलेलं असतं, कोणी त्याला इंडियन (इथला मूळ रहिवासी) म्हणतं कोणी लिबर्टी (स्वातंत्र्यदेवता). पीटर नायहार्ट, हर्मन आणि जॉन रुप, जेकब कुंट्झ, मोल कुटुंब ही इथली नावं.

नॅझरेथजवळचं ख्रिश्चन्स स्प्रिंग: मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती, तिथे अँड्रियास आल्ब्रेख्टने बंदुकीचं दुकान चालवलं आणि नंतर क्रिश्चन ओर्टरने. ओर्टरच्या सही आणि सालासकट असलेल्या बंदुका आहेत, म्हणून त्या सगळ्यांनाच मोजपट्टीसारख्या उपयोगी पडतात. पुढे विल्यम हेन्री धाकटा नॅझरेथला आला आणि हेन्री कुटुंबाने बोल्टनला मोठा कारखाना काढला, तिथल्या नंतरच्या बंदुका पश्चिमेच्या फर व्यापारासाठी गेल्या, त्या साध्या आणि एकसारख्या असतात.

बेडफर्ड: हे एकदा बघितलं की परत चुकत नाही. अगदी सडपातळ, दस्ता अरुंद, लॉकप्लेट लांब आणि नाजूक, घोडा उंच. काळही उशिराचा.

बाकी भराभर सांगते. रीडिंगच्या बाजूला फुगीर कोंब. लेबननमध्ये जॉन फिलिप बेक आणि निकोलस बायर, बायरच्या डबीवर काही वेळा पक्षी असतो. यॉर्क काउंटीत हॅनोव्हरचा जॉर्ज श्रायर. मेरीलँडच्या एमिट्सबर्गला जॉन आर्मस्ट्राँग, काम इतकं स्वच्छ की बघत राहावं. नॉर्थ कॅरोलायनात सेलमची मोराव्हियन मंडळी, व्होग्लर कुटुंब. आणि दक्षिणेच्या डोंगरातल्या बंदुकांवर पितळाच्या जागी लोखंड, सजावट फारशी नाही.

सापळा: कारागीर स्थलांतर करायचे. लँकेस्टरला शिकून व्हर्जिनियाला गेलेल्या माणसाची बंदूक तुम्हाला लँकेस्टरचीच वाटणार. म्हणून घराणं म्हणजे शिक्षण कुठलं एवढं कळतं, पत्ता कळत नाही.

५. कोरीवकाम: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

खोलीतले दिवे कमी करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरा आणि गालाच्या मागच्या भागावरून हळूहळू प्रकाश फिरवा. वरून प्रकाश पाडला की कोरीवकाम सपाट दिसतं, बाजूने पाडला की प्रत्येक टवका उभा राहतो.

नक्षी काय आहे याच्याकडे आधी दुर्लक्ष करा, कारण इंग्रजी सी अक्षरासारखी वळणं आणि पानं सगळेच काढायचे, तो त्या काळचा प्रचलित नमुना होता. बघायचं ते असं:

पार्श्वभूमी कशी खाली घेतलीय. उठाव सहसा अगदी कमी असतो, पण त्याच्या भोवतीचं लाकूड कोणी लांबपर्यंत हळूहळू उतरवतं, त्यामुळे वेल लाकडातूनच उगवल्यासारखी वाटते, आणि कोणी वेलीच्या कडेलाच खळगा करून थांबतं. ही सवय आहे, ती लपत नाही.

वळणाचा शेवट. वेल वाटोळी फिरत जिथे संपते तिथे बटणासारखा गोल ठिपका आहे का, की नुसतं टोक निमुळतं झालंय? टोक आत वळतं की बाहेर? पानाच्या शिरा एका फटक्यात ओढल्यात की दोन-तीन तुकड्यांत? भिंगाखाली छिन्नीचा थांबा दिसतो.

वेल गालाच्या उठावाला, म्हणजे चीकपीसला, कशी जोडलीय. हा सांधा कठीण असतो. चांगला कारागीर तिथे रेघ न तोडता पुढे नेतो, कच्चा माणूस तिथे एक पान ठेवून झाकतो.

आणि मग त्या जागा जिथे कोणी बघत नाही. गोळी ठासायचा गज ज्या शेवटच्या पाइपमधून लाकडात शिरतो तिथे, बंदूक उलटी केल्यावर, एक छोटासा पितळी जिभलीसारखा भाग लाकडात बसवलेला असतो. त्याच्या भोवती लाकूड किती घट्ट बसलंय ते बघा. मी एका सही असलेल्या लीहाय बंदुकीवर ही जागा बराच वेळ बघत बसले होते, जिभलीच्या टोकाशी दोन बारीक छेद एकमेकांना टेकता टेकता राहिलेत, डावा किंचित लांब. नंतर त्याच माणसाच्या दुसऱ्या बंदुकीवर तेच, डावा लांब. हात कुठल्या बाजूने यायचा, बंदूक शिकंजात कशी धरलेली असायची, हे त्या दोन छेदांत दिसतं. माझा सगळ्यात जास्त विश्वास अशाच खुणांवर आहे.

तसंच फोरस्टॉकच्या कडेने गजाच्या खाचेला समांतर जाणारी रेघ. एक आहे की दोन, लॉकजवळ कशी थांबते, मधे कुठे हात थरथरलाय का. आणि नळीच्या मागच्या पट्टीभोवती, टँगभोवती, काय कोरलंय.

या सगळ्याची एक यादी करा, "सवयींची यादी", आणि मग सही असलेल्या बंदुकांशी ताडा. एकाच बंदुकीशी ताडू नका, तीन-चार तरी बघा, कारण एकाच बंदुकीतली खूण त्या दिवसाची असू शकते. दोन खुणा जुळल्या म्हणून उडी मारू नका, आणि न जुळणाऱ्याही लिहून ठेवा, लोक नेमक्या त्याच लिहीत नाहीत.

६. पितळ

पितळी डबीला पॅचबॉक्स म्हणतात, गोळीभोवती गुंडाळायचे तेल लावलेले कापडी तुकडे ठेवायला. चांगल्या डबीचे चार भाग, पुढचं शिर, झाकण आणि दोन बाजूच्या पट्ट्या. शिराचा आकार घराणं सांगतो, पण त्यावरचं खोदकाम माणूस सांगतं. कडेला नागमोडी रेघ बघा, ती खोदणी डावी-उजवी डोलवत पुढे नेऊन काढतात, आणि प्रत्येकाचा डोलवायचा वेग वेगळा असतो. कोपऱ्यावर ती रेघ कशी वळवलीय ते भिंगातून बघा. झाकण कसं उघडतं हेही बघा, कळ बटप्लेटच्या वर आहे की खाली टोकाशी.

सापळा: ट्रिगर गार्ड आणि बटप्लेट ओतीव असतात, वाळूच्या साच्यात. एकच नमुना उस्तादाकडून शिष्याकडे जायचा आणि ओतीव भाग विकतही मिळायचे. तेव्हा "गार्ड अगदी सारखा आहे" यावरून फार तर दुकानांचं नातं कळतं. ओतल्यानंतर कानशीने जो आकार दिला, पैलू किती पाडले, कडा किती धारदार ठेवल्या, ते महत्त्वाचं.

७. लॉक, आणि त्यावरचं नाव

इथे नवखे हमखास फसतात. लॉकप्लेटवर केटलंड असं नाव दिसलं आणि लोक म्हणतात केटलंडने बनवलेली रायफल. केटलंड हे बर्मिंगहॅमचे व्यापारी, त्यांची लॉक्स पेट्या भरभरून अमेरिकेत यायची आणि गनस्मिथ ती विकत घेऊन बसवायचे. लॉकवरचं नाव लॉक बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं. बेडफर्डसारख्या ठिकाणी कारागीर स्वतः लॉक घडवायचे, तिथे मात्र लॉक मोठा पुरावा.

८. आता नळीवरचं नाव वाचा

नाव सहसा नळीच्या वरच्या सपाट पैलूवर, मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) आणि दस्त्याच्या मधे. कधी पूर्ण, कधी नुसती आद्याक्षरं. आता तीन प्रश्न विचारा. खोदलेल्या रेघांच्या तळाशी आजूबाजूच्या धातूसारखाच जुना, काळपट रंग आहे का, की तळ चकचकीत? जिथे धातू गंजून खड्डे पडलेत तिथे अक्षर खड्ड्याच्या आधीचं आहे का, म्हणजे खड्ड्याने अक्षर खाल्लंय, की अक्षर खड्ड्याच्या वरून गेलंय? दुसरं असेल तर ते अक्षर नंतरचं. आणि तिसरं, हे नाव पायरी २ ते ६ मधून आलेल्या निष्कर्षाशी जुळतं का?

आद्याक्षरं मालकाचीही असतात, विशेषतः चांदीच्या तुकड्यावर, रिस्टच्या वर अंगठा टेकतो तिथे. नळीही दुसऱ्याकडून घेतलेली असू शकते, किंवा जुन्या बंदुकीची काढून नव्या दस्त्यात बसवलेली. नळीवरचं नाव नळीच्या जागी खरं असतं, दस्त्याच्या बाबतीत ते सिद्ध करावं लागतं.

९. उघडायची असेल तर

स्वतः उघडू नका. नळी लाकडाला बारीक खिळ्यांसारख्या पिनांनी धरलेली असते, चुकीच्या बाजूने ठोकली तर दोनशे वर्षांच्या मेपलचे टवके उडतात. अनुभवी माणसाकडून उघडून घ्या आणि समोर उभे राहा. बघायचं काय, तर नळीच्या खाली कानशीच्या खुणा आणि एखादा ठसा, लॉकच्या खोबणीत छिन्नीचे फटके, साइडप्लेटची (लॉकच्या विरुद्ध बाजूच्या पट्टीची) मागची बाजू, आणि स्क्रू. हाताने बनवलेल्या स्क्रूची खाच अरुंद आणि बरेचदा मध्यापासून सरकलेली, टोक बोथट. लाकडात शिरणारे टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यातून यायला लागले, तेव्हा १७८० ची म्हणून सांगितलेल्या बंदुकीच्या बटप्लेटमधून टोकदार स्क्रू निघाला तर तो नंतर बदललेला आहे, आणि मग बटप्लेट कोणी आणि का काढली हा पुढचा प्रश्न.

१०. बदल आणि बनवाबनवी

जुनी बंदूक जशीच्या तशी मिळणं दुर्मिळ. ती हत्यार होती, लोक वापरायचे आणि दुरुस्त करायचे, त्यात वाईट काही नाही. फक्त काय मूळ आणि काय नंतरचं हे वेगळं काढता आलं पाहिजे.

- चकमकीची बंदूक टोपीवर चालणारी केलेली, आणि मग विसाव्या शतकात किंमत वाढवायला परत चकमकीची केलेली. रंजकदाणीभोवती, म्हणजे लॉकवरच्या दारूच्या छोट्या वाटीभोवती, लाकूड जळून काळपट व्हायला हवं. लॉक जुनं आणि लाकूड अगदी स्वच्छ असेल तर शंका घ्या.
- नळी कापलेली. मागचं टोक जळालं की मागून कापून नळी मागे सरकवायचे, पुढून खराब झाली की पुढून. रिकाम्या राहिलेल्या पिनांच्या जागा, साइटची बुजवलेली खाच शोधा.
- मेपलचे पट्टे रंगवलेले. हे सरसकट फसवणूक समजू नका; लँकेस्टरचा हेन्री लेमन, जो १८३४ पासून मोठ्या प्रमाणावर बंदुका काढायचा, तो साध्या लाकडावर पट्टे रंगवायचाच.
- साध्या जुन्या बंदुकीवर नंतर केलेलं कोरीवकाम. उठावासाठी भोवतीचं लाकूड खाली घ्यावं लागतं, मग तिथे दस्ता बारीक होतो आणि बटप्लेटची कड लाकडाच्या वर येते. बोट फिरवलं की कळतं.
- झीज चुकीच्या जागी. खरी झीज हात, गाल, खांदा जिथे लागतो तिथे. नक्षीचे उंच भाग गुळगुळीत आणि खळग्यांत जुना मळ हवा. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सँडपेपर.

आणि कृपा करून काही पॉलिश करू नका. पितळ चमकवलं, लाकडाला वॉर्निश मारलं की वरचे निम्मे पुरावे पुसले गेले.

११. कागद

कारागीर त्या गावात त्या वर्षी होता का हे कागदावरूनच कळतं. काउंटीच्या कर-याद्यांमध्ये धंद्यापुढे गनस्मिथ लिहिलेलं सापडतं, चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, मेलेल्या माणसाच्या सामानाच्या याद्या बघा, त्यात अवजारं एकेक करून लिहिलेली असतात, वाचताना फार भारी वाटतं. मोराव्हियन लोकांच्या नोंदी बेथलहेमच्या मोराव्हियन आर्काइव्ह्जमध्ये आहेत, जुन्या जर्मन लिपीत. नावं बदलत्या स्पेलिंगने शोधा, आल्ब्रेख्टचा ऑल्ब्राइट होतो, नायहार्टचा न्यूहार्ड.

बंदूक कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळीही मागा, आणि त्याला फक्त किंमतीचं कारण नाहीये. ओर्टरची १७७५ सालची एक रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि २०१८ मध्ये सापडली, म्हणजे ४७ वर्षं तिचा पत्ता नव्हता. साखळीत मोठं भोक असेल तर विकत घेऊ नका.

१२. निष्कर्ष लिहायचा कसा

तीन पायऱ्या ठेवा आणि त्यांची सरमिसळ करू नका. "अमुकची सही, आणि काम सहीशी जुळतं." "सही नाही, पण सवयींवरून अमुकची वाटते", त्याखाली कुठल्या सवयी आणि कुठल्या बंदुकांशी ताडल्या हे लिहा. "अमुक घराणं, साधारण अमुक काळ." नवख्याने पहिली दोन-तीन वर्षं तिसऱ्या पायरीवर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. "लीहाय, १८०० च्या सुमाराची" हे पक्कं उत्तर आहे, आणि ओढून ताणून चिकटवलेल्या नावामुळे खऱ्या कारागिराच्या खात्यात दुसऱ्याचं काम जमा होतं, मग पुढचा माणूस त्याच बंदुकीशी ताडून अजून चार चुकीची नावं देतो.

१३. विकत घ्यायच्या आधी कायद्याचं

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा आधी बनलेल्या बंदुका अँटिक म्हणून नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि तुम्ही व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. भारतात घरी घेऊन जायचा विचार असेल तर तिथल्या आर्म्स ॲक्टमध्ये जुन्या वस्तूंना मिळणारी सूट मुख्यतः दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे, आणि बऱ्याच लाँगरायफल आजही चालू शकतात. लेखी परवानगीशिवाय विमानात तर अजिबातच नको.

पहिलं कुठे जायचं

विकत घ्यायच्या आधी भरपूर बघा. नॅझरेथजवळ जेकब्सबर्गला पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम आहे, लीहाय आणि नॉर्थॅम्प्टनचं काम समजून घ्यायला तिथून सुरुवात करा. लँकेस्टरसाठी लँडिस व्हॅली. व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्गच्या गन शॉपमध्ये आजही हाताने नळी घडवण्यापासून रायफल बनवतात, तिथले कारागीर प्रश्नांना छान उत्तरं देतात, लाकूड कोरताना छिन्नी कशी धरतात ते त्यांच्याकडे जवळून बघून घ्या, पायरी ५ एकदम सोपी होईल. जायच्या आधी वेळा तपासा, काही ठिकाणं ठराविक दिवशीच उघडी असतात, आणि काचेमागची बंदूक उलट्या बाजूने बघायची असेल तर आधी ईमेल करून नम्रपणे विचारा, कुठली बंदूक आणि कुठली जागा बघायचीय हे नेमकं लिहा.